तिपाईचा फोटो

सकाळपासून महानंदानं तिसऱ्यांदा ओसरी झाडली. झाडायला काही नव्हतं. पण हात रिकामे राहिले की नजर भिंतीकडं जायची, आणि भिंतीवर दहा वर्षं जिथं फोटो टांगलेला होता तिथं आता नुसता पांढरा चौकोन उरला होता. फोटो काल जिंतूर ठाण्याच्या अमीनसाहेबांनी, म्हणजे फौजदारांनी, उतरवून नेला. फोटोच्या मागोमाग तिचा धाकटा भाऊ शिवमूर्ती, त्यालाही नेलं.

फोटोत होती तिपाई. वडिलांनी, ईश्वरअप्पांनी, सरकीच्या धंद्यात बरे दिवस होते तेव्हा सिकंदराबादेहून एका मायदेशी निघालेल्या गोऱ्या साहेबाकडून घेतलेली तीनचाकी मोटार. पुढं दोन चाकं, मागं एकच, आणि त्या एकाला सायकलीसारखी साखळी. कोणत्या कंपनीची म्हणाल, तर नाकावरची पितळी पाटी कुणीतरी आधीच उचकटून नेलेली. परभणीच्या मिस्त्र्यांनी वर-खाली पाहून मान हलवली होती. मग गावानंच तिचं बारसं केलं. मागच्या वर्षी ती बिघडली, आणि शिवमूर्तीनं ती नांदेडकडं विकून टाकली. निदान घरात त्यानं तसं सांगितलं होतं.

आणि आता पाच दिवसांमागं चारठाण्याच्या करोडगिरी नाक्यावर, म्हणजे निजामाच्या हद्दीवरच्या जकातीच्या चौकीवर, नुकतं फटफटलं असताना, एक तीनचाकी मोटार आडवा बांबू चुकवून शेतातून निघून गेली. जाताना तिच्यातून पत्रकांचा गठ्ठा पडला. निजामाचा मुलूख हिंदुस्थानात सामील झाला पाहिजे, असं त्यावर छापलेलं. तसल्या एका कागदापायी माणसं जेलात कुजत होती, इथं तर गठ्ठा होता. नाकेदार मुंजाजीनं जबानी दिली: पुढं दोन चाकं, मागं एक, आणि डाव्या अंगाला धुराची नळी. अमीनसाहेबांनी चौकशी केली तेव्हा कळलं, सेलूच्या जिनिंगवाल्याकडं एक तीनचाकी आहे, पण तिला पुढं एक चाक. वऱ्हाडात वाशीमकडं एक आहे म्हणतात, ती कुणी पाहिलेली नाही. राहिली तिपाई. तिचा तर फोटोच होता, आणि फोटोत नळी डाव्या अंगालाच.

महानंदाला पक्कं आठवत होतं, नळी उजवीकडं होती. तिपाईत ती पहिल्यांदा बसली तेव्हा उतरताना तिचीच पोटरी भाजली होती. डाग अजून होता. पण बाईमाणसानं ठाण्यात जाऊन पोटरी दाखवायची कशी? आणि आप्पा, जे रोज तिपाई पुसायचे, ते आता म्हणायला लागले होते, "डावीकडंच असंल पोरी. माजं वय झालं. फोटो काय लबाड बोलतो व्हय?"

तिनं भाकरी फडक्यात बांधली. "आप्पा, चला. पोराला डबा तरी देऊ."

महानंदा कमी वयात विधवा होऊन माहेरी आली तेव्हा गुरूंकडून तिनं नेम घेतला होता: जाणूनबुजून खोटा शब्द काढायचा नाही. त्याला सोळा वर्षं झाली. गल्लीत त्यावरून चेष्टा चालायची. शेजारची नागुबाई नवं लुगडं नेसली की म्हणायची, "महानंदाला नगा विचारू कसं दिसतंय, ती सांगंल!"

ठाण्यात टेबलावर फोटो होता. बाजूला मुंजाजी हात बांधून उभा. आतल्या कोठडीतून शिवमूर्तीचा खोकला ऐकू आला.

"या ईश्वरअप्पा," अमीनसाहेब म्हणाले. माणूस शांत, चहाच्या पेल्यावर बशी झाकून ठेवणारा. "कालपासून तुमी म्हणायलात नळी उजवीकडं. हे काय मग? बघा, बाई, तुमीच बघा."

त्यांनी फोटो पुढं सरकवला. दहा वर्षांपूर्वीची खांडेनवमी, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची हत्यारं-वाहनांची पूजा. तिपाईला केळीचे खुंट बांधलेले, नंबराच्या पाटीवर झेंडूचा हार, शेजारी आप्पा लांब कोटात, आणि मोटारीला ओवाळत असलेले मठाचे स्वामी. महानंदानं सवयीनं स्वामींना हात जोडले, आणि हात तसेच राहिले.

"अमीनसाहेब," ती इतकं हळू म्हणाली की मुंजाजीनं कान पुढं केला. "स्वामींच्या कोणत्या हातात आरती हाय?"

"मी गाडीचं विचारायलोय, तुमी आरतीचं काय काढलंत?"

"सांगा तर खरं."

"डाव्या."

"आन् घंटी?"

"घंटी उजव्या हातात. मग?"

"असं हुयाचंच न्हाई. घंटी डाव्या हातात, आरती उजव्या. लहान लेकराला बी कळतंय."

"डावखुरे असतील तुमचे स्वामी."

इतका वेळ खाली मान घालून बसलेले ईश्वरअप्पा एकदम उसळले. "डाव्या हातानं आरती? साहेब, मठात उभं तरी केलं असतं का त्यांना? जेवायला बसवलं नसतं कुणी!"

"फोटो उलटा हाय," महानंदा म्हणाली. "परभणीच्या बन्सीधर फोटोवाल्यानं फोटोची काच उलटी ठिवून छापला. आप्पांचा कोट बघा."

अमीनसाहेबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मग स्वतःच्या कोटाच्या गुंड्यांवरून बोट फिरवलं, पुन्हा फोटोत पाहिलं. आप्पांच्या कोटाचा पदर भलत्याच बाजूनं आलेला होता. त्यांनी शिपायाला समोरच्या न्हाव्याकडून आरसा आणायला सांगितला आणि फोटो त्यापुढं धरला. आरशात स्वामींची आरती उजव्या हातात आली. तिपाईची नळीही उजवीकडं गेली.

"कमाल हाय!" अमीनसाहेब हसले. "धा वर्सं भिंतीवर हुता न्हवं? कुणालाच दिसलं न्हाई?"

"समदे मोटारच बघायचे, साहेब," महानंदा म्हणाली. "मी सुदिक."

मुंजाजी चुळबुळला. "पर हुजूर, म्या बघितली ती नळी डावीकडंच हुती. ह्या हाताला." त्यानं आपला डावा हात वर केला.

"मग ती दुसरी गाडी. वाशीमवाली." अमीनसाहेबांनी महानंदाकडं पाहिलं. "बाई, तुमच्या नेमाचं मी ऐकून हाय. तुमी सांगा. नाका चुकवून गेली ती तुमची तिपाई न्हवं?"

"न्हवं," ती म्हणाली. शब्द सरळ आला. त्यात कुठं खोच नव्हती.

कोठडीची कडी वाजली.

घरी येईपर्यंत ईश्वरअप्पा रस्त्यात भेटेल त्याला आरती आणि घंटीची गोष्ट सांगत होते.  शिवमूर्ती घरात शिरला, पाय धुतले, पाटावर बसला, आणि मग एकदम त्याला हसू फुटलं. हसू थांबेना.

"काय झालं रं?" महानंदानं विचारलं.

"अक्का, मुंजाजी बांबूपाशी उभा हुता. माज्याकडं तोंड करून. त्याचा डावा हात, तो माजा उजवा!"

भाकरी वाढणारा तिचा हात थांबला.

"म्हंजे?"

"म्हंजे तिपाईच हुती. इकली न्हाई मी. चारठाण्याला आमच्यातल्या भुजंगच्या मळ्यात कडब्याखाली हाय. हद्दीपल्याड लोणारला आमच्या लोकांचा कॅम्प हाय, तितून पत्रकं आणायलोत आमी."

ईश्वरअप्पांनी धाव घेऊन दार लोटलं. महानंदा उभीच राहिली. तिला वाटलं, जिभेवर काहीतरी चिकटलंय आणि ते निघत नाही.

"माज्या तोंडून खोटं वदवलंस, शिवा."

"तुला कुठं ठाऊक हुतं? मग ते खोटं कसं?"

"आता ठाऊक हाय ना."

ती चुलीपाशी गेली, परत आली, पुन्हा गेली. शिवमूर्तीचं हसू विरलं.

"अमीन पुन्यांदा इचारायचा न्हाई," ईश्वरअप्पा म्हणाले. "इचारलंच तर गप बस. गप बसणं म्हंजे खोटं न्हवं."

"मी गप बसले की त्याला बोलल्यावाणीच हाय, आप्पा. समद्या गावाला मी ठाऊक." तिनं भावाच्या पुढचं भरलं ताट उचललं.  भाकऱ्या फडक्यात बांधल्या, वर चटणीची पुडी ठेवली. "ऊठ. सायकल घे अन् जा. आजच हद्द वलांड. मला कुणी इचारायच्या आत जा."

"अक्का, निदान जेवू तर दे."

"वाटंत जेव."

तो गेला. ती दारातून ओसरीवर, ओसरीवरून परसात अशी फिरत राहिली. मनातल्या मनात सायकल चालवत होती. आता गाव मागं पडलं असेल. आता चढ. आता उतरून ढकलत असेल. नागुबाईनं कुंपणावरून हाक दिली, "सुटला ना गं भाऊ? मग तोंड का असं?"  घागर भरलेली असताना महानंदा पुन्हा आडावर जाऊन आली.

उन्हं कलली तेव्हा अमीनसाहेब आले. एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्यावर साबण वाळलेला.

"बाई, न्हाव्यापुढं बसलो हुतो," ते म्हणाले. "त्याचा उजवा हात माझ्या डाव्या गालावर. तवा डोक्यात उजेड पडला." ते ओसरीवर चढले नाहीत. "नाक्यावरची गाडी तुमचीच हुती?"

ईश्वरअप्पा खांबाला धरून उभे होते. त्यांनी डोळे मिटले.

"व्हय," महानंदा म्हणाली.

"मघा न्हाई म्हणालात."

"मघा ठाऊक नव्हतं. घरी आल्यावर कळलं."

"शिवमूर्ती?"

"गेला. सायकलीवर, चारठाण्याकडं. तिपाई भुजंगच्या मळ्यात हाय. तितून हद्दीकडं जाईल."

 अशी जबानी अमीनसाहेबांनी आजवर घेतलेली नसावी. "कवा?"

"अडीच-तीन तास झाले."

अमीनसाहेब शिपायांना घेऊन लॉरीनं चारठाण्याकडं निघाले, आणि लॉरीचा धुरळा खाली बसायच्या आत ईश्वरअप्पा म्हणाले, "पोरी, पाठचा भाऊ तो तुजा!"

"म्हणून तर जेवू घातलं न्हाई, आप्पा."

रात्र कशी गेली ते दोघांनाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास लॉरी परत आली. महानंदा आधीच दारात होती. लॉरीत शिपाई होते, बाकी कुणी नव्हतं. तरी तिनं पुन्हा मोजले.

"कडबा उसकटलेला हुता," अमीनसाहेब खाली न उतरताच म्हणाले. "धुळीत तीन रेघा. दोन बाजूला दोन, मधी एक. दुसऱ्या कुठल्या गाडीच्या असायच्या न्हाईत. हद्दीच्या वढ्यापर्यंत गेल्या. पल्याड बी दिसायल्यात, पर तिकडं माजा हुकूम चालत न्हाई."

"मधी कुठं थांबला हुता का, साहेब? गोळी-बिळी...?"

"कुठं थांबला न्हाई."

तिनं उंबऱ्याला धरून श्वास सोडला. अमीनसाहेबांनी भुजंगला पकडल्याचं सांगितलं, ईश्वरअप्पांना दुपारी जबानीला यायला सांगितलं. मग जाता जाता आवाज उतरवून म्हणाले, "बाई, तो कधी परत आला, अन् मी येऊन इचारलं, तर?"

"सांगीन."

त्यांनी मान हलवली आणि लॉरी गेली.

महानंदा तिथंच उभी राहिली. तिच्या ध्यानात हळूहळू येत होतं की हे राज्य आहे तोवर शिवाला या घराची वाट बंद झाली, ती अमीनानं नाही, तिनं केली. कुणाकडून तरी त्याला निरोप धाडायला हवा होता: आलास तरी नागुबाईकडं ये, आप्पांना भेट, मला दिसू नको. निरोप कुणाबरोबर धाडायचा? आणि ज्याच्याबरोबर धाडला त्याचं नाव अमीनानं विचारलं तर?

ती आत गेली. लगेच बाहेर आली.