आठ माग

"अब्बा, घट्ट बसू द्या कानावर," म्हणत आरजूनं बंदेनवाजच्या डोक्यावर हेडफोन चढवला. त्याची टोपी मागे सरकली. ती नीट करत त्यानं लेकीच्या ओठांकडे पाहून मान हलवली.

विजापूर रोडवरच्या त्या कॉलेजात आज आरजूच्या एम.एस्सी.ची शेवटची परीक्षा होती. विषय कॉम्प्युटर गेम तयार करण्याचा. दोन वर्षांपूर्वी हे कळल्यावर मोहल्ल्यानं तोंडात बोटं घातली होती. गेमपायी पोरं वाया जातात, आणि ही पोरगी त्यातच मास्टर होणार म्हणते! बंदेनवाजनं कुणाचं ऐकलं नाही. तसंही हल्ली त्याला कुणाचंच ऐकू येत नव्हतं, पण ते फक्त त्यालाच ठाऊक होतं.

एकतीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात, यंत्रमागांच्या खडखडाटात गेली होती. आधी पाखरं मुकी झाली, मग कुकरची शिट्टी, मग बायकांचं बोलणं. घरात कुणाला पत्ता लागला नाही, कारण मागावरच्या माणसांची बोलायची रीतच निराळी. समोर उभं राहायचं, तोंड मोठं उघडायचं, जोडीला हात हलवायचे. आरजू लहानपणापासून बापाशी तसंच बोलत आली होती. बायको झीनत दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्या शेवटच्या वर्षात तर त्यानं तिचं बोलणं नुसतं पाहिलंच होतं.

पुढच्या महिन्यात आरजू हैदराबादला नोकरीवर रुजू होणार होती. बापाला दारावरची थाप ऐकू येत नाही हे कळलं असतं, तर तिनं हैदराबादचं नावही काढलं नसतं. आजचा दिवस निभावून न्यायचा, असं तो सकाळपासून स्वतःला बजावत होता. आणि नेमकं आजच तिनं त्याला सगळ्यांसमोर खेळायला बसवलं होतं.

गेमही त्याच्यावरच बेतलेला. पडद्यावर कारखाना, आठ माग, आणि हवेत कापसाच्या तुसाचं दाट धुकं. धागा तुटला की त्या मागाचा आवाज बदलणार. तो ऐकून धुक्यातून तिकडे जायचं आणि गाठ मारायची.

"तुमीच शिकवलं की मला," आरजू समोर येऊन म्हणाली. "डोळे मिटून सांगायचात, पाच नंबरचा तुटला म्हनून."

"व्हय की," बंदेनवाज म्हणाला.

कानात लांबून धपधप तेवढी आली, शेजारच्या घरात कुणी काही कांडत असावं तशी. त्यातून कुठला माग बिघडला हे काही उमगेना. मग हल्ली कारखान्यात जे करायचा तेच त्यानं केलं. फेरी मारायची. एक नंबरापासून आठपर्यंत प्रत्येक मागाला नाक लावून बघायचं, तुटलेला धागा दिसला की गाठ, आणि पुढचा माग.

"आधी खेळलेले सगळे आवाजामागं धावले," परीक्षक बाई हळूच आरजूला म्हणाल्या. "हे मात्र फेरी मारतायत."

"खरे कारागीर आहेत, मॅडम," आरजू म्हणाली. तिचा ऊर भरून आला होता. पाठीमागचं हे बोलणं बंदेनवाजपर्यंत अर्थातच पोचलं नाही.

शेवटची गाठ बसली. धपधप थांबली. अजून काही यायचं असेल म्हणून तो बंद मागांमधून फेऱ्या मारतच राहिला. जरा वेळानं मान वर केली, तर बाकीच्यांना ऐकू यावं म्हणून लावलेल्या मोठ्या स्पीकरपाशी बसलेली एक मुलगी ओढणीनं डोळे पुसत होती, आणि परीक्षक बाईंनी चष्मा काढून हातात घेतला होता. पोरीचं काम झकास झालं, एवढं त्यानं ताडलं.

"लई झ्याक जमलंय," तो मोठ्यानं म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर लिंबाच्या कट्ट्यावर आरजू दोन कप चहा घेऊन आली. कप त्याच्या हातात देऊन ती समोरच उभी राहिली.

"अब्बा, अम्मीचा आवाज घातला म्हनून राग न्हाय ना आला?"

"अम्मीचा?"

"शेवटी. माग थांबल्यावर. माझ्या जुन्या फोनात सापडला. कारखान्याच्या दारातनं तुमाला हाक मारत होती बघा. तुमाला मुद्दाम आधी सांगितलं न्हाय."

चांगला होता, एवढं म्हटलं असतं की विषय मिटला असता. इतकी वर्षं त्यानं तेच तर केलं होतं. पण झीनत आत्ता, त्याच्या दोन्ही कानांशी येऊन बोलून गेली होती, आणि तो मुकाट फेऱ्या मारत बसला होता. त्याला राहवेना.

"आरजू," तो म्हणाला, "काय म्हनाली गं ती?"

बंद मागांमधून फिरत राहिलेला पडद्यावरचा माणूस आता कुठे आरजूच्या ध्यानात आला.

"कधीपासनं?"

"लई दिस झालं. तू मातर हैदराबादला जायचं. काय म्हनाली ते सांग."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं ते पुसलं नाही. आपला कप कट्ट्यावर ठेवून ती दोन पावलं मागे गेली. झीनत कारखान्याच्या दारात उभी राहायची तशी एक हात वर करून उभी राहिली. आणि आवाज न काढता, एकेक शब्द ओठांनी नीट घडवत म्हणाली, "अजी, चा थंडी हो री. बस करो अब."

बंदेनवाज तिच्या ओठांकडे शेवटपर्यंत पाहत होता.

"आया," तो म्हणाला, आणि त्यानं निवलेला चहा तोंडाला लावला.