एका कप्प्याची सॅक

"आई, झिपवाली घेऊ देऊ नका हं त्याला. जाडं कापड, एकच कप्पा, वर दोरीनं आवळायचं तोंड. तुम्ही जातीनं बघा."

सुनेचे, गार्गीचे, हे काल संध्याकाळचे शब्द वसुंधराबाईंच्या कानात घोळत होते. "बघते गं," असं त्या कबूल करून बसल्या होत्या. आणि आता ओटाहुहू उपनगरातल्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात उभ्या होत्या, त्या तोंड मिटून. रोज दुपारी बारापर्यंत मौन, लिहूनसुद्धा काही सांगायचं नाही, हा त्यांचा अकरा वर्षांचा नेम. घड्याळात सव्वादहा. खरेदी सकाळीच निघेल, हे काल कुणाच्या ध्यानीमनी होतं?

लेकानं, ऋतुराजनं, नेमकी चकचकीत सॅक उचलली. मोजून नऊ झिपा.

"बघ ना आई, कप्पे किती! स्वीट ॲज! एकदम झकास!"

वसुंधराबाईंची नजर त्या झिपांवर गेली. गेल्या वर्षी नदी ओलांडताना अशीच एक झिप फाकली, कोरडे कपडे भिजले आणि पोरगा रात्रभर डोंगरात काकडत पडला. दोन दिवस हॉस्पिटल. उद्या पहाटे तो पुन्हा हरणांच्या मागे निघणार होता.

त्यांनी मान हलवली. झिप ओढून दाखवली. कोपऱ्यातली मातकट कॅनव्हासची सॅक उचलून त्याच्या पुढ्यात ठेवली.

"ही झोळी? भिक्षा मागायला पाठवतेस का मला?" ऋतुराज हसला. "कळलं गं. हरणांची दया येतेय. मी जाऊच नये, असंच ना?"

त्यांनी दोन्ही हातांनी नाही नाही केलं.

"मग बोल. नाही ना बोलत? मौन म्हणजे संमती!" म्हणत त्यानं कार्ड टेकवलंसुद्धा.

शब्द अगदी जिभेवर आला होता. त्यांनी तो गिळला.

फ्लॅट बुश भागातल्या घरी आईला नि सॅकला उतरवून तो आपल्या क्लिनिकला गेला. मग सुरू झाल्या येरझाऱ्या. देवघर ते खिडकी, खिडकी ते ओटा. जपाची माळ हातात, पण मणी कुठे नि मन कुठे. हरणं मारणं त्यांना कधीच पटलं नव्हतं. पण म्हणून पोराला थंडीच्या तोंडी द्यायचं? नेम आपला आणि भोगायचं त्यानं?

बारा वाजले. देवाला हात जोडून त्यांनी फोन लावला.

"ऋतू, ती सॅक..."

"आई, पेशंट बसलाय गं. आणि दुकान पाचला बंद, मी सुटतो सहाला. राहू दे आता."

फोन ठेवला गेला.

टॅग शाबूत असेल तर वस्तू बदलून मिळेल, हे पावतीवरचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. टॅग शाबूत होता. या देशात येऊन पाच महिने झाले, पण कोपऱ्यावरच्या डेअरीपलीकडे, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या छोट्या दुकानापलीकडे, त्या एकट्या कधी गेल्या नव्हत्या.

जेवणाचं ताट तसंच झाकून ठेवून त्यांनी साडीवर स्वेटर चढवला, सॅक पाठीला लावली, दार हळूच ओढून घेतलं आणि ओटाहुहूच्या बसचा थांबा शोधत चालू लागल्या.