निळ्या खोलीतली बाई

माझा धाकटा भाऊ कॉम्प्युटर गेमसाठी चित्रं काढतो. घरं, वाटा, आभाळ, सगळं. त्याच्या गेमच्या पहिल्या भागात एका शिपायाची तलवारबाजी होती. लोकांनी तो डोक्यावर घेतला. दुसऱ्या भागात तोच शिपाई म्हातारा होऊन घरी परततो, एवढंच. लोक म्हणाले, नुसती पायपीट, वेळ फुकट. धाकट्याने ते सगळं वाचलं आणि एक दिवस जाहीर केलं, "ताई, चित्रं बंद. सोमवारपासून मामांच्या गोदामात बसतो."

मला संताप आला. त्याचा नाही, लोकांचा. शिलाई मशीन थांबवलं, पडद्यांचा ढीग बाजूला सारला आणि भरदुपारी तो दुसरा भाग लावून बसले.

मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पळायचं बटण असतं हेही ठाऊक नव्हतं, त्यामुळे माझा शिपाई आपला सावकाश चालला. गाव पाण्यात अर्धं बुडालेलं. पाणी इतकं शांत, की घरं वरही होती आणि खालीही. मी पडले पडदे शिवणारी. प्रत्येक खिडकीपाशी थांबून पडदा न्याहाळू लागले. एक चुण्यांचा, एक उसवलेला. एक विटलेला, तोही नेमका जिथे ऊन पोचतं तिथेच. लबाड! माझ्या कामाकडे धाकटा ढुंकूनही बघत नाही असं मला वाटायचं.

मग एक निळी खोली आली. पडद्याची कड वाकडी होती म्हणून मी तिथेच खिळून राहिले. आणि पडदा हलला. आत एक बाई पाठमोरी बसली होती, सुईत दोरा ओवत. ती गुणगुणायला लागली. शब्द नाहीत, सूर तर मुळीच नाही. बाहेर शिपायाने आपण होऊन टोपी काढली. खोलीत हळूहळू निळं पाणी चढत होतं आणि ती गुणगुणतच होती. आपण कुठे बसलोय याचंही मला भान उरलं नाही.

इतकं बेसूर जगात एकच माणूस गुणगुणायचं. आमची आई. तिला जाऊन कितीतरी वर्षं झाली. मी हमसून हमसून रडले.

धाकटा धावत आला आणि स्क्रीन बघून दारातच थबकला. "तुला ती दिसली?"

"दिसली म्हणजे काय? आई आहे ती."

"कुणालाच नाही दिसली, ताई. सगळे पळत पुढे जातात. थांबलं तरच ती येते."

"खड्ड्यात गेले पळणारे! तिचं तोंड का नाही काढलंस?"

तो माझ्याशेजारी जमिनीवर बसला. "नाही जमलं. काढलं, खोडलं, परत खोडलं. आता तर नीट आठवतही नाही. तेवढं राहिलंच."

"मग राहिलेलं कोण काढणार? मामा?"

त्याला हसू फुटलं. मग तो माझ्याकडे बघतच राहिला. "हनुवटी तुझ्यासारखीच होती ना गं?"

मी उजेडाकडे तोंड केलं. "काढ," म्हटलं, "पण ही खालची दुसरी हनुवटी माझी आहे, आईची नव्हे. ती वगळ."

त्याने पेन्सिल उचलली.