करवतीची जाळी

फर्निचरच्या कारखान्यात पुढच्या वर्षाचं नियोजन करायला सगळे जमले होते. मालकीणबाईंचा धाकटा दीर करवतीचं खातं सांभाळायचा. अपघातानंतर तो आज पहिल्यांदाच आला होता. उजव्या हाताची दोन बोटं गेल्यामुळे पाण्याचा पेलाही तो डाव्या हाताने उचलत होता. बाईंना तिकडे बघवेना.

गेल्या वर्षी याच बैठकीत त्याने गळ घातली होती की, करवतीला संरक्षक जाळी बसवायला आठवडाभर मशीन बंद ठेवू द्या. "भावजी, ऑर्डरी तोंडावर आल्यात, पुढच्या वर्षी बघू," म्हणत बाईंनी विषय उडवून लावला होता.

आता विक्री बघणाऱ्याने विचारलं, "पण अपघात झाला कसा?"

"माझीच चूक. घाई केली," दीर शांतपणे म्हणाला.

बाईंना क्षणभर हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच इतकी शरम वाटली की त्यांचे कान तापले.

"यांची चूक नाही," त्या कशाबशा म्हणाल्या. "जाळी मागितली होती यांनी. मीच नाही म्हटलं."

बाईंनी उठून फळ्यावरच्या पहिल्या महिन्याच्या ऑर्डरी पुसल्या आणि तिथे लिहिलं : मशीन बंद, जाळी, प्रशिक्षण.

"यापुढे दर वर्षी आधी हे ठरेल. उरलेल्या दिवसांत बसतील तेवढ्याच ऑर्डरी घ्यायच्या."

"वहिनी, सगळ्यांसमोर कशाला सांगितलंत?" दीर हळूच म्हणाला.

बाई फळ्याकडे तोंड करूनच उभ्या राहिल्या. मागे वळायचा त्यांना धीर होईना.