विकायला ठेवलेलं

लिहिलेला शब्द तिने पुन्हा खोडला आणि पेन्सिल दातांत धरली. समोर करारपत्र पसरलेलं होतं, आणि बाबा शिडीवर चढून रिकामे होत आलेले खण पुसत होते. बटणांचं हे दुकान आता बंद होणार होतं. इटलीतला एक व्यापारी ते विकत घेत होता, पण कपाटं, खण काही नेणार नव्हता. त्याला हवं होतं फक्त ‘मर्चंडाइज’. इंग्रजी कागद इटालियनमध्ये करायचं काम साहजिकच लेकीच्या गळ्यात पडलं. परक्यांची कागदपत्रं हातासरशी उरकणारी ती इथे मात्र अडून बसली होती.

“एका शब्दापायी एवढा वेळ?” बाबा वरूनच म्हणाले. “माल म्हणजे माल.”

“तसं नसतं हो. ‘रोबा’ म्हटलं तर सगळी चीजवस्तू आली, तुमचा चहाचा कपसुद्धा. ‘मेर्चे’ म्हटलं तर विकायला ठेवलेलं तेवढंच.”

“मग मेर्चे लिही. कप बरा देईन मी!”

तिची नजर काचेच्या कपाटाकडे गेली. आतल्या बशीत आईची गडद निळी बटणं होती. शाळेतून आली की ती त्या काचेला नाक लावून उभी राहायची. एखादं गिऱ्हाईक बटणं मागायचं, आणि आई हसून नकाराची मान हलवायची. आई गेल्यावरही बशी कुणी हलवली नव्हती.

“ही निळी मी ठेवून घेते, बाबा. ती कुठे विकायला होती? आई कुणाला देतच नसे.”

बाबा सावकाश खाली उतरले. हात पुसून त्यांनी बशी बाहेर काढली.

“विकायलाच होती गं. तुझी आई आधी माणसाचा कोट बघायची. मनास आला नाही, की नाही म्हणायची. एकाच्या मागे तर आपण होऊन दारापर्यंत गेली, पण त्यालाच बटणं नको होती.” ते हसले. “दिवसभर माझ्याशी बोलली नाही.”

आईचा जीव त्या बटणांत अडकलाय, असंच ती इतकी वर्षं धरून चालली होती.

बाबांनी बशीवरची धूळ फुंकली.

“तिकडे इटलीत थंडी असते ना?”

“असते की. चांगली कडाक्याची.”

“मग लोक कोट घालतच असतील,” असं म्हणून त्यांनी बशी बांधलेल्या खोक्यांशेजारी ठेवली आणि शिडी पुढच्या खणापाशी सरकवली.

तिने ‘मेर्चे’ हा शब्द लिहून टाकला, आणि उठून शिडी धरली.