क्रेडिटचा रकाना

मी बकुळची गुणपत्रिका बोलतेय, बी.एस्सी.च्या शेवटच्या सत्राची. आधीच सांगते, मी वैतागलेली आहे.

कॉलेजच्या खिडकीतून बकुळच्या हातात पडले तेव्हा माझ्यावर तीन रकाने होते: विषय, क्रेडिट, ग्रेड पॉइंट. सरासरी आमच्याकडे छापत नाहीत. ज्याची त्यानं काढायची. भौतिकशास्त्र आठ, गणित आठ, इलेक्ट्रॉनिक्स सात, प्रॅक्टिकल पाच, पर्यावरण पाच. बकुळनं उभ्या उभ्या बेरीज केली, तेहेतीस. भागिले पाच. सहा पॉइंट सहा.

एम.एस्सी.च्या फॉर्मला या सत्रात सात लागत होते. आणि फॉर्मची मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती.

गंगेवरच्या पंचगंगा घाटाजवळच्या गल्लीतल्या घरी ती डोळे पुसतच आली. मी तिच्या मुठीत चुरगळलेली.

तिचे बाबा, ढुंढिराज, एका पाठशाळेत संस्कृत शिकवतात. त्यांनी चष्मा लावला आणि पुन्हा तेच: तेहेतीस भागिले पाच. मग शेजारचे दत्तात्रेयकाका आले, रेल्वेतून रिटायर झालेले. त्यांनी मोबाइलवर आकडे दाबले. "सहा पॉइंट सहाच. मशीन झूठ नहीं बोलती."

अहो, मशीनला तुम्ही विचारलंत तरी काय? माझा मधला रकाना कुणी वाचेचना! कागदाला तोंड नसतं, नाहीतर मी किंचाळले असते.

"जाऊ दे," बाबा म्हणाले. "उद्या शाळेत नोकरीचं विचारतो." बकुळनं बॅगेतली भौतिकशास्त्राची वही काढून फळीवर ठेवून दिली.

तेवढ्यात तिची आई, नंदा, कणकेचे हात घेऊन बाहेर आली आणि माझ्यावर वाकली.

"हे चार-चार, दोन-दोन काय गं?"

"क्रेडिट. आठवड्याला किती तास तो विषय, ते."

"तू राहू दे," बाबा म्हणाले.

"का राहू दे? चार तास शिकली ते आणि दोन तास शिकली ते, एकाच मापानं कसं मोजता?"

बकुळनं मला ओढून घेतलं. चार अठ्ठे बत्तीस, पुन्हा बत्तीस. चार सत्ते अठ्ठावीस. दोन पंचे दहा, आणखी दहा. एकशे बारा. क्रेडिट सगळे मिळून सोळा.

काकांनी आकडे दाबले. मग पुन्हा दाबले. "सात," ते हळूच म्हणाले. "बरोब्बर सात."

मायलेकी धावतच गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सायबर कॅफेत पोचल्या. तिथल्या माणसानं मला पाहिलं, बोटांवर मोजलं. "दीदी, छह पॉइंट छह लिखूँ?"

हासुद्धा!

"क्रेडिट से गुणा कीजिए, भैया!" बकुळ एवढी ओरडली की शेजारचा पानवाला डोकावला. पाचला दहा मिनिटं असताना फॉर्म गेला.

बकुळ आता पुण्यात एम.एस्सी. करते. हरवायला नको म्हणून पडताळणी झाल्यावर ती मला घरीच ठेवून गेली. कपाटातल्या फायलीत पडून असते मी. पाहुणे आले की ढुंढिराज मला बाहेर काढतात आणि कौतुकानं सांगतात, "आमच्या मुलीनं सहा पॉइंट सहाचे सात केले!"

दर वेळी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तुम्ही कधी त्यांच्याकडे गेलात तर माझ्या वतीनं एवढं सांगा. केले नाहीत हो. होतेच.