एका फेरीची परवानगी

बाळाजींनी गाडीवरची ताडपत्री ओढली, तेव्हा त्यांच्या वाट्याला काय येणार ते पक्कं ठरलेलं होतं: एक फेरी. पार्किंगमधून निघायचं, खरवईच्या आपल्या सोसायटीच्या कंपाउंडला वळसा घालायचा आणि परत यायचं. घरी बनवलेल्या गाडीला नंबर मिळत नाही, त्यामुळे रस्त्याचं नावच काढायला नको. अकराला उल्हासनगरच्या फोटो स्टुडिओचा टेम्पो तिला न्यायला येणार होता. तिथे इंजिन काढून तिच्यात फोटोसाठी नवरानवरी बसवणार होते.

सहा वर्षं गेली होती तिच्यात. जुन्या मारुतीचं इंजिन, अंबरनाथच्या फायबरवाल्याने ओतलेली बॉडी आणि कॅलेंडरवरच्या स्पोर्ट्स कारवरून उचललेला इटालियन तोरा. उंची कमरेएवढी.

"काका, लाल रंगाने स्पीड वाढतो का हो?" सेक्रेटरी कल्पेशने विचारलं.

"तू घड्याळ बघ. गाडी मी बघतो."

"एकच राउंड हं. मीटिंगमध्ये तेवढंच पास झालंय."

बाळाजी वाकले, एक पाय आत घातला, डोकं छपराखाली नेलं आणि तिथेच अडकले. गुडघा स्टिअरिंगखाली शिरेना. चपला काढून पाहिल्या, पट्टा सोडून पाहिला. पोट आत गेलं, पाय गेले नाहीत. वर गॅलरीत कोणीतरी हसलं.

चौतीस वर्षं कारखान्यात फिटर असलेल्या माणसाचं माप चुकलं नव्हतं. कागदावरचे आकडे ते मानतच नसत. नग समोर ठेवायचा आणि त्यावर बसवायचं, ही त्यांची रीत. काम करणारा बाहेर असतो, म्हणून आत कोणीतरी लागायचं. दर रविवारी त्यांची बायको वृंदा मांडीवर मटारचं ताट घेऊन सीटच्या सांगाड्यात बसायची आणि ते बाहेरून सांगायचे, "दाब. सोड. आता ब्रेक." पेडल तिच्या पायाला नीट लागलं की वेल्डिंग. छप्पर तिच्या अंबाड्याच्या वर चार बोटं.

"अहो, तुम्ही पण बसून बघा एकदा," ती म्हणायची.

"मला कळतं माप."

छप्पर आणि दारं काल बसली. वृंदा चार फूट दहा इंच, बाळाजी सहा फुटांना किंचित कमी.

पावणेअकरा झाले. बाळाजी मागे सरकत बाहेर आले, टाळू चोळली आणि पहिल्या मजल्याकडे पाहिलं.

"वृंदा, खाली ये जरा."

गाऊनवर ओढणी टाकून ती ओल्या हातांनीच आली. "काय धरायचंय?"

"धरायचं नाही. बस."

ती नेहमीसारखी बसली. फक्त मांडीवर ताट नव्हतं, म्हणून हात कुठे ठेवावेत ते तिला क्षणभर कळेना. मग तिने ते स्टिअरिंगवर ठेवले.

"अहो, मला कुठे येते गाडी?"

"दाब," बाळाजी म्हणाले. "आता सोड. हळू..."

"माहितीये मला."

गाडी एकही झटका न देता निघाली. बाळाजी दाराला हात लावून बरोबर चालले, मग पळाले, पाण्याच्या टाकीपाशी मागे पडले आणि धापा टाकत पार्किंगपाशी परतले. तेवढ्यात ती वळसा पुरा करून आली. गेटवर टेम्पोचा हॉर्न वाजला. वृंदाने थांबण्याऐवजी गिअर बदलला.

"काका, एकच ठरलेली ना?" कल्पेशने घड्याळ पुढे केलं.

बाळाजी चिंधीला हात पुसत होते.

"ती तिची होती," ते म्हणाले. "दुसरी माझ्या नावावर टाक."